मी शांतवनकाकांना माफ केलं

शांतवन मार्कस दाभाडे. राहणार पडेगाव. आपल्या चर्चच्या मंडळीत लहानथोर सगळे त्यांना शांतवनकाका म्हणतात. मी त्यांच्यावर अन्याय केला तो २०१९ साली, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास. जागा – झेरॉक्सचं दुकान. हत्यार – एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं.

नाव, गाव, वेळ आधी. पत्रक लिहायला शिकले तेव्हा हेच पहिलं शिकले – पहिल्या ओळीत नाव टाका, वाचणारा थांबतो. आजवर अशी पत्रकं मी दुसऱ्यांवर लिहिली. पाण्याच्या टँकरवर, होस्टेलच्या जेवणावर, दफनभूमीच्या पडक्या भिंतीवर. हे माझ्यावर आहे. गेल्या गुरुवारपर्यंत यातलं एक वाक्यही मी कुणाला सांगितलेलं नव्हतं – आईला नाही, तरुण संघातल्या मैत्रिणींना नाही, गुडघे टेकून देवालासुद्धा नीट नाही. देवाला मी फार तर “माझ्या चुकांची क्षमा कर” असं म्हणायचे. चुका! अनेकवचनात काहीही खपून जातं.

तुम्ही मला ओळखता. माइक बंद पडला तरी जिचं भाषण शेवटच्या बाकापर्यंत जातं, ती एस्तेर. मी गप्प बसत नाही अशी माझी ख्याती आहे. मग सहा वर्षं मी गप्प कशी बसले? बसले. चांगली मांडी घालून बसले.

सुरुवात जातीपासून करावी लागेल, कारण माझा राग तिथला होता आणि तो राग खोटा नव्हता.

आमच्यात जात नाही, असं आपण बाहेरच्यांना सांगतो. आत आल्यावर मात्र कोण कुणाच्या पंगतीला बसतं, कुणाची मुलगी कुणाच्या घरात जाते, हे सगळ्यांना बरोबर पाठ असतं. आमची तेरा घरं मंडळीत उशिरा आली. पहिली घरं जुनी, त्यांच्या आज्यापणज्यांची नावं भिंतीवरच्या दगडात. आम्हाला कुणी बाहेर उभं केलं नाही. तसं उघड कुणी करत नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, वेदीपुढं रांगेनं गुडघे टेकायचे, पाळक एकच प्याला एकेकाच्या ओठांना लावत जायचे – आणि तिथं जात दिसायची.

चिटणीसबाई नेहमी पहिल्या रांगेत. एका रविवारी त्यांना उशीर झाला आणि जागा मिळाली ती माझ्या आईच्या शेजारी. प्याला आईच्या ओठांवरून त्यांच्याकडे गेला. बाईंनी रुमाल तोंडाला लावला, खोकल्या, उठून गेल्या. पुढं कधी तशी वेळ आली की पुन्हा खोकला. तो खोकला फक्त आमच्यानंतरच यायचा. मी बघितलं की आई पदरानं स्वतःचे ओठ पुसत होती. दोनदा. तीनदा. जसं काही तिच्याच तोंडाला काही लागलं होतं.

सांगा, यावर पत्रक लिहायला नको होतं? हवंच होतं. पण चिटणीससाहेबांचं नाव घालून लिहायला हवं होतं. आणि चिटणीससाहेब म्हणजे बाईंचे यजमान, आई जिथं शिवण शिकवते त्या शाळेचे मुख्याध्यापक. दर जूनला आईची नेमणूक नव्यानं, त्यांच्या सहीनं. मी तीन रात्री पत्रकाचे मसुदे केले आणि तिन्ही वेळा त्यांच्या नावापाशी येऊन पेन थांबलं.

मग मला शांतवनकाका आठवले.

शांतवनकाका तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. रिटायर कंपाउंडर. मूलबाळ नाही, घरी फक्त सुशीलाकाकू. जुन्या घरांपैकी, तेव्हा पंचांपैकी एक, आणि वीस वर्षं प्रभुभोजनाची सगळी तयारी त्यांच्याकडे. शनिवारी काळे मनुके धुवायचे, उकळायचे, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायचे – तो प्याल्यातला रस. भाकरीचे तुकडे एका मापाचे करायचे. रविवारी ते सर्वांत शेवटच्या रांगेत गुडघे टेकायचे. भाकर घ्यायचे. आणि प्याला आला की मान खाली घालून तो पुढं जाऊ द्यायचे.

हे सगळ्यांनी बघितलेलं होतं. शांतवन दाभाडे प्याल्याला तोंड लावत नाहीत. कुणी कधी का विचारलं नव्हतं. मी पत्रकात विचारलं – आणि उत्तरही मीच दिलं. “आमच्या उष्ट्या प्याल्याचा ज्यांना विटाळ होतो, असे लोक मंडळीचे पंच!” खाली त्यांचं पूर्ण नाव. दोन ठिकाणी “असे समजते”, एका ठिकाणी “अनेकांनी पाहिले आहे”. हे शब्द फार कामाचे असतात. त्यांच्याआड लिहिणारा दिसत नाही.

आता ऐका. मला खरं कारण माहीत होतं.

अकरा वर्षांची असताना एका रविवारी उपासना संपल्यावर मी संडे स्कूलचं हजेरीपुस्तक ठेवायला मागच्या खोलीत गेले होते. पाळक दारात उभे राहून लोकांशी हात मिळवत होते. खोलीत शांतवनकाका एकटे. हातात तो प्याला – आमच्या सगळ्यांच्या ओठांवरून फिरून आलेला. तळाशी उरलेला रस ते प्यायले. मग प्याल्यात थोडं पाणी घातलं, गोल फिरवलं, तेही प्यायले. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. मला बघून म्हणाले, “हे टाकून द्यायचं नसतं बाळा. कुणीतरी शेवटचं लागतं.”

कळलं? ते प्याला नाकारत नव्हते. ते स्वतःला शेवटचे ठेवत होते. सगळ्या मंडळीचं उष्टं – तुमचं, चिटणीसबाईंचं, माझ्या आईचं – हा एक माणूस वीस वर्षं दार लोटून पीत होता. एका म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना ते काम दिलं होतं. ते पाळक गेले, नंतरचे बदलून आले, कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आणि उष्ट्याचा विटाळ धरतो म्हणून मी बरोबर त्यालाच उभं केलं.

चुकून? नाही. गैरसमजातून? नाही. वाक्य लिहिताना तो प्याला माझ्या डोळ्यांसमोर होता. मी लिहिलं, कारण हा माणूस उलट बोलणार नाही याची मला खात्री होती. ज्यानं केलं त्याला मी घाबरले, म्हणून जो बोलणार नाही त्याला धरलं. याला चळवळ म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

झेरॉक्सवाल्या रफिकभाईंना सगळ्या पक्षांची, सगळ्या धर्मांची पत्रकं वाचून वाचून मराठी चांगली येते. त्यांनी पान वरून खाली वाचलं. मला म्हणाले, “ये नीचे ‘एक जागरूक तरुण’ लिखे सो कौन है?”

“आहे एकजण,” मी म्हटलं.

“दूसरे का नाम इत्ता बडा, और खुद का नाम नक्को? तो छापते कायकू?”

मी हसले. दोनशे प्रती घेतल्या आणि हसतच बाहेर पडले. रविवारी माणसं झावळ्या हातात घेऊन गात आत शिरत होती आणि प्रत्येक झावळीबरोबर माझं पान होतं.

पुढचं तुम्ही पाहिलं आहे, कारण तुम्ही तिथं होता. ईस्टरनंतर सभा झाली. शांतवनकाका उभे राहिले. मला वाटलं आता सांगतील, आता मागच्या खोलीतलं सांगतील आणि मी उघडी पडेन. ते म्हणाले, “ज्यानं लिहिलं त्याचं मन दुखलं म्हणूनच त्यानं लिहिलं. माझ्या वागण्यानं तसं दिसलं असंल तर माझी चूक हाय. मला माफ करा.” एवढंच. बसले. प्याल्याचं एक अक्षर नाही. हात वर झाले – बहुतेकांचे. त्यांचं पंचपद गेलं, तयारीचं काम गेलं. माझा हात सर्वांत उंच होता.

आणि माझी मागणी काय होती? एक प्याला, सगळ्यांना सारखा! मिळालं काय? भांडण नको म्हणून कमिटीनं छोट्या छोट्या कपांचा ट्रे आणला. प्रत्येकाला वेगळा कप. जागेवर बसून घ्यायचा. आता कुणाचे ओठ कुणाच्या नंतर येत नाहीत. चिटणीसबाईंचा खोकला कायमचा बरा झाला. हा माझ्या पहिल्या आंदोलनाचा विजय. मी त्याचा पेढाही खाल्ला.

तुम्हाला वाटत असेल, झालं, कबुली दिली. नाही. इथवरचं सोपं होतं. खोटं पत्रक लिहिणारे या शहरात चिक्कार आहेत. मी ज्याच्याभोवती फिरते आहे ते अजून पुढं आहे.

त्या वर्षी जूनमध्ये शांतवनकाका आमच्या घरी आले. आमच्या तेरा घरांपैकी प्रत्येक घरी ते पायी गेले. आमचं अकरावं. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी तांब्याला तोंड लावून प्यायलं – मुद्दाम नव्हे, तहान लागली होती म्हणून. आई स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. खोलीत ते आणि मी. मी बावीस वर्षांची, भिंतीला टेकून उभी. ते खुर्चीत पुढं सरकून बसले आणि माझ्यासमोर हात जोडले.

“एस्तेर, तू शिकलेली हाय. माझ्याकडनं तुला, तुझ्या आईला कधी कमीपणा वाटला असंल, तर मला माफ कर. मला ध्यानात येईना मी कुठं चुकलो. पण चुकलो असणार.”

मी त्या क्षणी सांगू शकले असते. तीन शब्द लागले असते – ते मी लिहिलं. त्याऐवजी मी काय केलं?

मी त्यांना माफ केलं.

होय. मी, जिनं खोटं लिहिलं, तिनं, ज्यानं काही केलं नव्हतं त्याला, क्षमा केली. गंभीर चेहरा करून. “काका, झालं गेलं. आम्ही मनात ठेवत नाही,” असं म्हणून. वर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून! आणि सांगायची लाज वाटते पण लिहिते – मला बरं वाटलं. अपराधी नाही वाटलं. मोठं वाटलं. जुन्या घरातला म्हातारा आमच्या पत्र्याखाली हात जोडून बसलाय आणि मी त्याला माफ करतेय. असं सुख मला कुठल्याही मोर्चात मिळालं नव्हतं. ते गेले तेव्हा आई म्हणाली, “देवमाणूस हाय गं.” मी म्हटलं, “कळलं ना त्यांना शेवटी.”

पुढं ऐका – इथंही थांबले नाही मी. आपल्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मी कशाची साक्ष द्यायला लागले? क्षमेची. “ज्यांनी आम्हाला हलकं मानलं, आमच्या प्याल्याला तोंड लावलं नाही, अशा एका वडीलधाऱ्या माणसाला देवानं मला मनापासून क्षमा करायला शिकवलं.” वैजापूरच्या तरुणांच्या शिबिरात दिली. सिल्लोडच्या सभेत दिली. बाया पदर डोळ्याला लावायच्या. नाव घेत नव्हते मी, तेवढी नम्रता होती! नम्रता शब्द माझ्या तोंडी या काळात जितका आला तितका आधी कधी आला नव्हता. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते तिथं मी आवाज चढवायचे. आपण इतरांना करतो तशी आम्हाला कर – मला वाटायचं, माझा हप्ता भरलेला आहे.

मग यंदा सिल्लोडला पुन्हा गेले होते. साक्ष झाली. चहाच्या वेळी एक मुलगी आली, नववी-दहावीतली, दोन वेण्या, हातात बिस्किट. तिला काही खोदून काढायचं नव्हतं. साधंच विचारलं, “ताई, ते काका आता कसे हायत?”

मला सांगता येईना. मला खरंच माहीत नव्हतं. दर रविवारी आम्ही एकाच छताखाली बसत होतो आणि त्या जूननंतर मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. ज्याला माफ केल्याची गोष्ट गावोगाव सांगत फिरत होते, तो माणूस कसा आहे हे मला सांगता येईना!

“बरे आहेत,” मी म्हटलं.

“मग आता ते पितात का, सगळ्यांबरोबर?” ती म्हणाली. बिस्किट चहात बुडवत.

पुढच्या पहिल्या रविवारी मी बघितलं. मान वळवून, धीर करून. डावीकडचा शेवटून दुसरा बाक. भाकरीचं ताट त्यांच्यापुढं आलं, त्यांनी मान हलवली. कपांचा ट्रे आला, मान हलवली. आता भाकरही नाही. मी शेजारी बसलेल्या आईला विचारलं, काका कधीपासून घेत नाहीत? आई कुजबुजली, “तुला आज दिसलं व्हय? सहा वर्सं झाली.”

गेल्या गुरुवारी मी पडेगावला गेले. दौलताबाद रोडला रिक्षातून उतरले आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभी राहिले. पोलिसांच्या कड्यासमोर मी इतकी थांबलेली नाही कधी. दार उघडंच होतं. काका ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मला बघून खूश झाले. “ये की! किती दिसांनी. अगं, एस्तेर आली!” सुशीलाकाकू आतून आल्या, चौकटीत उभ्या राहिल्या.

मी बसले आणि आधी तेच विचारलं – काका, प्रभुभोजन का घेत नाही? खरं तर मला अजूनही आडून यायचं होतं. पुढं जाऊन सांगायचं धाडस झालं नव्हतं.

त्यांनी लसूण सोलता सोलता सांगितलं. अगदी साधेपणानं. कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर आधी त्याच्याकडे जायचं, मिटवायचं, मग वेदीपाशी. संडे स्कूलमध्ये आम्हाला हे त्यांनीच शिकवलेलं. “तेरा घरं फिरलो. तेरा घरांनी माफ केलं. पण पत्रक लिवणारं पोरगं कोण ते काय कळलं नाय. ते कुठंतरी अजून दुखात असंल. त्याला भेटल्याबिगर म्या कसं जेवू?”

सहा वर्षं. दर महिन्याला. एका खोट्या सहीमागच्या माणसाचं मन दुखलं आहे म्हणून हा माणूस देवाच्या ताटावरून उपाशी उठत होता. आणि तो दुखावलेला माणूस सिल्लोडला टाळ्या घेत होता.

मी म्हटलं, “काका, ते पोरगं नाही. ती मी आहे.”

हातातली पाकळी तशीच राहिली. काकूंनी चौकट धरली. मी थांबले नाही, थांबले असते तर पळाले असते. सगळं सांगितलं – मागच्या खोलीतलं मी पाहिलं होतं, मला खरं माहीत होतं, मी चिटणीसांना घाबरले, तुम्ही हात जोडले तेव्हाही बोलले नाही.

काका म्हणाले, “म्हंजी – माझ्यामुळं तुझं मन दुखलं नव्हतं?”

“नाही काका.”

“आईचं?”

“नाही.”

“कुनाचंच नाय?”

“कुणाचंच नाही.”

आणि तो माणूस उठला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस ताडकन उठला, मांडीवरच्या लसणाच्या पाकळ्या ओट्यावर सांडल्या, दोन्ही हात वर केले आणि ओरडला – “सुशीले! ऐकलं का! कुनाचंच मन दुखलं नव्हतं!” शेजारची नसीमा खाला भिंतीवरून डोकावली, “क्या हुआ, भाई?” तर तिलाही तेच सांगितलं. हसत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होते. “या रविवारी जातो बघ! जातो!”

मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. माझ्याजवळ उत्तरं तयार होती, रडणंसुद्धा तयार होतं. याला काय उत्तर देणार? मी त्यांची सहा वर्षं खाल्ली आणि त्यांच्या हिशेबी बातमी काय होती – की आपल्या हातून कुणी दुखावलं नाही! माझा अपराध त्यांना शुभवर्तमानासारखा लागला. मला माफ केलं का, हे विचारायला तिथं जागाच उरली नाही. ते कधीच करून झालं होतं. माझं नाव माहीत नसताना, पत्रक हातात पडलं त्या दिवशीच.

काकूंचं तसं नाही. तेही लिहिते, कारण तेही खरं आहे. काकू म्हणाल्या, “ह्यांचं ह्यांच्यापाशी. म्या काय एवढी मोठी नाय. चहा देणार नाय तुला आज.”

“नको काकू.”

“यांना लोकं रस्त्यानं नमस्कार करायची, ती बंद झाली. म्या बघितलंय. ते पान घरोघर गेलं व्हतं ना? मग हे बी जाऊ दे. घरोघर. अन् खाली नाव घाल, बापाचं बी घाल.”

हा माझ्या आयुष्यातला पहिला आदेश, जो मी वाद न घालता मानला.

परत येताना मी चालत आले. पडेगावपासून पार शहरात आतपर्यंत, उन्हात, आणि सांगते – मी गात होते. मोठ्यानं. ट्रकवाले बघत होते. सहा वर्षं मी घोषणा देतेय, जिंकलो-जिंकलो म्हणून ओरडतेय, आणि जिंकणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर कळलं, पार हरून निघाल्यावर! मी उंचावर उभी राहून क्षमा वाटत होते. खरी क्षमा ओट्यावर लसूण सोलत बसली होती, आणि तिनं मला एका वाक्यात जमिनीवर आणलं. जय असो! ज्यानं मला असं हरवलं त्याचा जय असो. या शहरातला एकही साहेब मला आजवर असं हरवू शकला नव्हता.

चिटणीससाहेबांकडे काल मी गेले होते. एकटी, दार लावून. खोकल्याचं सांगितलं. आईच्या ओठांचं सांगितलं. तिथं काय झालं ते या पानावर येणार नाही. ते माझं आणि त्यांचं. आईला मी आधी विचारलं होतं, नोकरी जाईल कदाचित. आई म्हणाली, “शिवण मला येते. ती काय सही करून येत नाय.”

सारवासारव मी करणार नाही. वय लहान होतं, राग खरा होता, आई रडायची – हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कारण नाही. जातीविरुद्ध मी बोलत राहीन, पण पुढच्या वेळी पुरावा माझ्या हातात असेल आणि सही माझी असेल. पंचांनी मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी, मी वाद घालणार नाही. तुमची माफीही मी मागत नाही. ती मागायचा माझा हक्क मी त्या जूनमध्येच घालवला. सिल्लोडच्या मुलीला मी चिठ्ठी टाकली आहे, तिच्या प्रश्नाचं उत्तर कळवलं आहे.

पण तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती माझ्यासाठी नाही.

तुम्ही हे गेटपाशी उभं राहून वाचत असाल. आज पहिला रविवार. त्या सभेत माझा हात उंच होता, पण तो एकटा नव्हता. शांतवनकाका आत येऊन बसले आहेत, डावीकडे, शेवटून दुसऱ्या बाकावर, शेजारी काकू. आज ते भाकर घेणार आहेत. मी पुढं होऊन सगळं तोंडानं सांगणार आहे, पण माझं सांगणं पुरणार नाही, कारण त्यांना खाली बसवलं ते मंडळीनं.

हा कागद घडी घालून पर्समध्ये टाकू नका. घरी जाऊन चर्चा करू नका. आत जा. तुमच्या नेहमीच्या जागेवर बसू नका, आधी त्या बाकापाशी जा. काकूंच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा – “काका, तुम्ही आमचं काहीही वाईट केलं नव्हतं.” एकेकानं सांगा. घंटा वाजली तरी सांगा. पाळक थांबतील.

जा.

– एस्तेर शमुवेल खरात